तगर आणि पाचचा चहा

झाडांना लेकरं म्हणणाऱ्या बायकांचा मला मनापासून राग येतो. आम्हाला मूल नाही, आणि डोंबिवलीच्या जुन्या बिल्डिंगमध्ये आमच्या तळमजल्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ह्यांनी लावलेली तगर होती. एवढं दिसलं की हळदीकुंकवाला आलेली एखादी तरी म्हणायचीच, "तुमची तगर म्हणजे तुमची लेकच हो!" मी म्हणायचे, "लेक असती तर दोन भांडी तरी घासली असती. हिचा काय उपयोग?" बाई वाण घेऊन निघायची. माझे यजमान मात्र आतल्या खोलीत पेपर तोंडासमोर धरून हसायचे. मला कागद हलताना दिसायचा.

ह्यांचं तगरीवर एकच भाष्य होतं. "तगते म्हणून तगर." कुठल्या पुस्तकात असं लिहिलंय म्हणून विचारलं, तर म्हणायचे, पुस्तक कशाला, झाडाकडे बघ. आणि ते खोटं नव्हतं. एमआयडीसी जवळ, कधी हवेला वास, कधी पानांवर भुकटीचा थर. त्या खिडकीखाली मी दोनदा मोगरा लावला, एकदा गुलाब लावला, सगळे गेले. तगर बारा महिने हिरवीगार आणि बारा महिने फुलांवर. हे स्वतः रंगाच्या कंपनीत होते. फर्स्ट शिफ्ट करून यायचे, आंघोळ करायचे आणि पाचच्या ठोक्याला चहाचा कप घेऊन तगरीपाशी जाऊन उभे राहायचे. तिला कमरेच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. कात्री घेऊन असे गोल फिरत छाटायचे, की झाड गच्च भरलेलं राहायचं, आत हात घातला तरी जायचा नाही. फांदी कापली की पांढरा चीक यायचा आणि मग तेच चिकट हात घेऊन माझ्या धुतलेल्या टॉवेलला पुसायचे. ह्यावरून आमची आठवड्याला एक तरी खडाजंगी व्हायची.

तगर आमची एकेरी होती, गावठी. फांदी त्यांनी कोकणातल्या घरून आणलेली, तीही चोरून. सख्ख्या भावाच्या परसातली फांदी चोरायची काय गरज, असं मी विचारलं होतं. तर म्हणाले, मागून आणलेली फांदी लागत नाही, कुणी बघत नसताना मोडून आणावी लागते. एकदा सोसायटीच्या सेक्रेटरींनी ह्यांना नर्सरीतून आणलेल्या डबल तगरीची फांदी दिली, ती पाकळ्यांत पाकळ्या भरलेली, भारीतली. ह्यांनी दोन्ही हातांनी घेतली, थँक्यू म्हणाले, आणि संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागे टाकून आले. "ही कसली तगर? चुरगळलेला हातरुमाल आहे. फूल कसं, मोजता आलं पाहिजे." मी म्हटलं, "वा, तुम्ही काय फुलांचे ऑडिटर?"

ते झाडाचे माळी, आणि मी राखणदार. पहाटे फिरायला येणारी मंडळी असतात ना, हातात प्लास्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात छत्री, पाऊस असो नसो. छत्रीची मूठ फांदीत अडकवायची आणि झाड ओरबाडायचं. मी खिडकीतूनच सुरू व्हायचे. "काय हो, देवाला चोरीची फुलं? तुमचा देव काय चोरबाजारात बसलाय का?" एका सद्गृहस्थांची तर मी छत्रीच ओढून घेतली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोला येऊन ती मागावी लागली. सगळ्या गल्लीत माझं नाव झालेलं. हे म्हणायचे, "अगं, चार फुलांनी काय होतंय?" मी म्हणायचे, चार फुलांचा प्रश्नच नाही.

मग बिल्डिंग धोकादायक असल्याची नोटीस आली. स्लॅबचे तुकडे दोन वर्षं पडतच होते, त्यामुळे आश्चर्य नाही वाटलं. सगळे एकदम घर शोधायला निघाल्यावर डोंबिवलीत परवडणारं काही उरलं नाही. आम्हाला दिवा स्टेशनाजवळ भाड्यानं मिळालं, चौथा मजला, पश्चिमेची गॅलरी, पाणी एक दिवसाआड. बिल्डर म्हणाला, तीन वर्षांत चाव्या देतो. त्याला आता चौथं वर्ष लागलंय. मध्ये एकदा जाऊन आले. पत्रे मारलेत, आत गवत वाढलंय, आणि आमची खिडकी होती तिथे कुणीतरी जुनी कमोडं आणून टाकलीत.

घर सोडायच्या दिवशी हे कपाटाकडे बघेनात, फ्रिजकडे बघेनात. पहारीनं तगरीभोवती खणत बसलेले. साठी ओलांडलेला माणूस, घामानं थबथबलेला. "अहो, नवी घेऊ ना नर्सरीतून," मी म्हटलं. "नवी घेशील, ही कुठून आणशील?" असं म्हणून त्यांनी तिला गुडघ्याएवढी छाटली, मातीच्या गोळ्यासकट वर काढली, ओल्या गोणपाटात बांधली आणि अर्ध्या कापलेल्या निळ्या ड्रममध्ये बसवली. शीळफाट्याला टेम्पो तासभर अडकला, तर हे पाठीमागे ड्रमला मिठी मारून बसलेले. माझ्या मिक्सरचं भांडं फुटलं त्याचं कुणाला काही नाही.

दिव्याला आल्यावर आठ दिवसांत तगरीनं सगळी पानं टाकली. हे रोज नखानं थोडी साल खरवडायचे आणि मला बोलवायचे. आत हिरवं दिसायचं आणि दुधाचा एक बारीक थेंब यायचा. "दूध आहे म्हणजे जीव आहे." महिन्यानं तांबूस पालवी फुटली. ह्यांनी गॅलरीतून आरोळी ठोकली, "तगली गं!" खालचे लोक वर बघायला लागले. मला लाज वाटली, पण आनंदही झाला. खरं सांगायचं तर त्या घरात मला तेवढा एकच आनंद झालाय.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका सकाळी, हे त्याच ड्रमपाशी पडले. मग्गा हातातून सुटला आणि पाणी घरात आलं, म्हणून मी ओरडतच गेले. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं झालेलं, चष्मा त्यांच्याच अंगाखाली फुटलेला. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा वाचा गेली होती. नुसते आवाज, आणि कधीतरी एखादा सुटा शब्द, तोही आपल्याला हवा तेव्हा नाही. समजत सगळं होतं. डोळे पूर्वीचेच होते. डाव्या हातानं ते गॅलरीकडे दाखवायचे, दिवसातून दहा वेळा. खाटेवरून गॅलरी दिसत नव्हती, मध्ये भिंत.

फिजिओथेरपीला एक मुलगी यायची, आठवड्यातून दोनदा. तिनं उजव्या हातात रबरी चेंडू दिला आणि म्हणाली, "काका, हा दाबायचा. मनात काहीतरी धरून दाबायचा." मग मीच म्हटलं, "अहो, तगरीला पहिलं फूल आलं की तुम्ही गॅलरीपर्यंत चालत जायचं. बोला, आहे कबूल?" त्यांनी मान हलवली. ओठाच्या चालणाऱ्या कोपऱ्यातून हसले. त्या दिवसापासून माणूस असा जिद्दीला पेटला की काय सांगू! बोटं चेंडूवर नुसती थरथरायची, पण चेंडू सोडायचे नाहीत. पंधरा दिवसांनी चेंडू दबला, अगदी जरासा. फिजिओवाल्या मुलीनं टाळ्या वाजवल्या, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. ते उठतील, असं मला तेव्हा खरोखर वाटलं होतं.

आता जे सांगायचं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तगर मी मारली.

उन्हाळा आला आणि एक दिवसाआडचं पाणी दोन दिवसांआड झालं. खाटेवरच्या माणसाच्या चादरी रोज धुवाव्या लागतात, काही वेळा दोनदा. टँकरखाली हंडे घेऊन उभी राहायचे, चार मजले चढायचे, आणि वर आल्यावर आधी ह्यांचं, मग स्वयंपाक, मग उरलं तर माझी आंघोळ. तगरीला काय देणार? मग मी डोकं चालवलं. चादरी भिजवलेलं पाणी फेकायचं कशाला, तेच ड्रममध्ये ओतायचं. साबण होता त्यात, आणि जंतू मारायचं औषधही होतं, झाकणभर. मला वाटलं, एवढं एमआयडीसीचं पचवलं हिनं, हिला काय होतंय. तगते म्हणून तगर. दोन आठवडे रोज ओतत होते. पानं पिवळी पडली तेव्हा म्हटलं ऊन आहे. पानं गळली तेव्हा म्हटलं मागे पण गळलेली. एके दिवशी नखानं साल खरवडली, तर आत तपकिरी. दुसरी फांदी खरवडली. मग बुंध्यापाशी गेले आणि सुरीनं कापलं. दूध आलं नाही.

मी तिथेच फरशीवर बसले. आतून ह्यांचा तो आवाज आला, हाक मारल्यासारखा. आत गेले तर डावा हात गॅलरीकडे. आणि मी म्हटलं, "कळ्या धरल्यात हो!" का म्हटलं असं? तोंडातून निघून गेलं, एवढंच. त्यांच्या तोंडावर जे आलं ते बघून मागे फिरायची माझी हिंमत झाली नाही.

मग कळीचं फूल तर व्हायलाच हवं. दूध आणायला मी सकाळी गावठाणाच्या बाजूनं जायचे. तिथे एका जुन्या कौलारू घराच्या कुंपणाशी तगर होती, डबल. मी तीन दिवस नुसती बघून गेले. चौथ्या दिवशी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि दोन फुलं मोडून पिशवीत टाकली. मी! जिनं लोकांच्या छत्र्या ओढल्या ती! त्या सद्गृहस्थांनी मला बघितलं असतं तर मी त्यांच्या पाया पडून माफी मागितली असती.

घरी येऊन एका फुलाच्या आतल्या जास्तीच्या पाकळ्या नखानं काढून बघितल्या. फूल हातातच विस्कटलं, कडा काळ्या पडल्या. जाऊ दे म्हटलं. चष्मा नव्हता, नवा करायचा राहूनच गेलेला. लांबून पांढरं ते पांढरं. दुसरं फूल बशीत ठेवून मी थाटात आत गेले. "बघा, कोण आलंय!"

त्यांनी बशी जवळ आणायला लावली. अगदी नाकापाशी. खूप वेळ बघत राहिले. मग डावा हात वर केला, बोटं पसरली आणि म्हणाले, "पाच."

इतका स्वच्छ शब्द! मी हरखूनच गेले. "अहो, बोललात! काय पाच? सकाळचे सात वाजलेत." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "पाच. पाच." फुलाकडे बोट, मग पुन्हा पंजा. गादीवर हात आपटला. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाचचा चहा! चहा घेऊन तगरीपाशी उभे राहायचे ना, फूल बघितल्यावर त्याचीच आठवण आली असणार. मी धावत जाऊन चहा केला, आल्याचा, आणि चमच्यानं पाजला. पहिल्या दोन चमच्यांना त्यांनी तोंड मिटून घेतलं. मग उघडलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि मला वाटलं, आनंदाचं.

फिजिओवाली मुलगीही म्हणाली, अशा पेशंटचा एखादा शब्द अडकतो, काकू, त्याच्याशी काहीतरी सवय जोडलेली असते. झालं, शिक्कामोर्तब झालं. मग रोज सकाळी मी फूल न्यायचे, ते म्हणायचे "पाच", आणि मी म्हणायचे, "हो हो, आणते तुमचा पाचचा चहा. जिभेचे चोचले बघा!" कधी चिडवायचे, कधी खेकसायचे. दूध संपलेलं असलं तर म्हणायचे, "सारखं काय पाच पाच? चहाचं दुकान उघडलंय का मी?"

चेंडू मात्र त्यांनी त्या दिवसापासून धरला नाही. हातात दिला की गळून पडायचा. घरंगळत खाटेखाली जायचा आणि मी वाकून काढायचे. मुलगी म्हणायची, काकांचा मूड गेलाय. गॅलरीकडे दाखवणंही बंद झालं होतं. मला त्याचं उलट बरंच वाटलेलं, खोटं बोलायचं एक निमित्त कमी. पण चेंडूचा राग यायचा. एकदा मी फार बोलले. "फुलं आली ना तुमच्या लाडकीला? मग आता काय हवंय? मी एकटीनंच तगायचं का?" त्यांनी डोळे मिटून घेतले. पुढे फिजिओवाल्या मुलीनंच सांगितलं, काकू, आता मी येऊन उपयोग नाही.

असा पाऊस गेला, थंडी गेली, पुन्हा उन्हाळा आला. हळूहळू ते फूल बघून काही म्हणेनासे झाले. कप वाजला तरच "पाच" म्हणायचे, तेही पुटपुटल्यासारखं, आणि तोंड उघडायचे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. चहा लागतो माणसाला.

गेल्या श्रावणात एका सकाळी कुंपणाशी माझा हात फांदीवर असतानाच मागून आवाज आला, "काय गो बाय, रोज येतेस, कधी हाक नाय मारत?" घराची मालकीण होती, म्हातारी, तिथलीच जुनी, कासोटा घातलेली, हातात खराटा. चोरी पकडल्यावर माणूस काय करतो, ते माझ्याकडून शिकावं. मी म्हटलं, "नाही हो, खाली पडलेली होती." पडलेली फुलं अशी देठासकट हातात?

म्हातारी हसली. "घे गो, फुलांचा काय त्यात? पन ही देवाला नको नेऊस, ही डबल हाय, सुनेची हौस. मांगं ये, गावठी हाय माझी. पाच पाकल्यांची."

मी तिच्या मागे चालत होते आणि तिथेच थांबले. म्हातारी परसात पोचली होती, बोलत होती. मला काही ऐकू येत नव्हतं. पाच पाकळ्यांची. फूल कसं, मोजता आलं पाहिजे. नाकापाशी आणून मोजलं होतं त्यांनी, चष्म्याशिवाय. पहिल्याच दिवशी. पाच हवीत, ही आपली नव्हे, आपली कुठाय, एवढं सगळं त्या माणसानं एका शब्दात भरून मला विचारलं होतं. पुन्हा पुन्हा विचारलं होतं, गादीवर हात आपटून. आणि मी प्रत्येक वेळी त्यांच्या तोंडात चहा ओतला. त्यांना पहिल्या सकाळपासून माहीत होतं की तगर मेली. चेंडू त्यांनी तेव्हाच सोडला. मूड गेला म्हणे! मी स्वतःला इतक्या शिव्या कधी दिल्या नसतील.

म्हातारीनं ओंजळभर गावठी फुलं दिली आणि एक फांदीही मोडून दिली, लाव म्हणाली. दिलेली फांदी लागत नाही, हे मला तिला सांगवलं नाही. दूध घ्यायचं विसरून मी तशीच चार मजले चढले. श्वास लागलेला, चपला पायात तशाच. ह्यांच्या खाटेशी खाली बसले आणि एक फूल त्यांच्या डाव्या पंजावर ठेवलं.

"अहो, बघा. पाच. हे म्हणत होतात ना तुम्ही? पाच पाकळ्या. मला कळलंच नाही हो, मी गाढव. आपली तगर गेली. मी मारली, चादरींचं पाणी घातलं मी तिला. तुमच्याशी खोटं बोलले, रोज बोलले. बघा ना, एक, दोन, तीन, चार, पाच. पाच!"

त्यांनी फुलाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं, नेहमी बघतात तसंच. मग चहासाठी तोंड उघडलं.

मी पायातल्या चपला काढल्या. तोंड उघडंच होतं. मग उठले आणि आधण ठेवलं.